दीड टनाचा एसी, तरी अंग चिकट का?

प्रश्न : बेडरूम 11 बाय 12 फुटांची, मधल्या मजल्यावर. झोपणारे दोघंच. दीड टनाचा साधा एसी पाच-सात मिनिटांत 24 अंशांना कट-ऑफ होतो, तरी अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते, कपाटाला कुबट वास येतो. दुकानदार दोन टनाचा घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको. आहे तोच मोठा झालाय.

एसीला दोन कामं असतात : हवा थंड करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. थर्मोस्टॅटला फक्त पहिलं कळतं. कूलिंग सुरू झालं की कॉइल (एसीच्या आतली नळ्यांची जाळी) आधी थंड होते, मग तिच्यावर थेंब धरतात, ते जड होऊन ट्रेमध्ये ओघळतात आणि मग कुठे ड्रेन पाइपमधून बाहेर पडतात. यात सहज दहा-पंधरा मिनिटं जातात. तुमचा कॉम्प्रेसर त्याआधीच बंद पडतो. त्यात एसीचा पंखा चालूच राहिला, तर कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीतच येतं.

खात्री करायची तर दमट दिवशी, एसी अर्धा तास चालल्यावर, ड्रेन पाइपखाली तासभर बादली ठेवा. तासाला 1 लिटर पाणी जमवायला साधारण 680 वॅट क्षमता लागते, म्हणजे टनाचा जवळपास पाचवा हिस्सा (1 टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, सुमारे 3.5 किलोवॅट). बादलीत पेलाभरच पाणी आलं आणि आर्द्रतामापक 65 टक्क्यांच्या वर असेल, तर निदान पक्कं. आर्द्रता 50 ते 60 च्या दरम्यान हवी.

तुमच्या खोलीला 1 टन पुरेल. हीच खोली वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली असती किंवा पश्चिमेला मोठी काच असती, तर दीड टन योग्य ठरला असता. नुसत्या चौरस फुटांवरून टन सांगणाऱ्याला स्लॅब आणि खिडक्यांबद्दल आधी विचारा.

एसी लगेच बदलता येत नसेल, तर एसीच्या पंख्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा : कॉइल जास्त गार होते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, पाणी जास्त निघतं. रिमोटवर ड्राय मोड असेल तर रात्री तो लावा. दाराखालची फट आणि एसी चालू असताना तासन्तास फिरणारा बाथरूमचा एक्झॉस्ट, हे दोन्ही आधी बंद करा. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच दमट हवा फटींतून आत येते. 18 अंशांचा उपाय मात्र करू नका. बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) 25 अंश असला की ती आत शिरून गार भिंतीवर, कपाटामागे दव धरते. बुरशी तिथूनच सुरू होते.

प्रश्न : इन्व्हर्टर एसी घेतला तर टनाची काळजी नको ना?

उत्तर : कमी होते, संपत नाही. इन्व्हर्टर एसी गरजेप्रमाणे क्षमता कमी-जास्त करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. माहितीपत्रकात कमाल क्षमतेसोबत किमान क्षमताही बघा. 5.2 किलोवॅटचा एसी 1.5 किलोवॅटच्या खाली उतरत नसेल आणि पावसाळी रात्री खोलीला 1 किलोवॅटच पुरत असेल, तर तोही साध्यासारखाच चालू-बंद होत राहणार. दोन मॉडेल्स सारखीच वाटली, तर किमान आकडा लहान असलेलं घ्या.