शाकाहारी आईबाबांना घेऊन, टूर कंपनीशिवाय जपान फिरता येईल का?

तुम्ही विचारलंय की टोकियो, क्योतो आणि ओसाका असं १० दिवस स्वतःचं स्वतः फिरायचंय, तिघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही, तर खाण्याचे हाल होतील का. तयारी केलीत तर होणार नाहीत. फक्त तयारी योग्य गोष्टीची हवी. बहुतेक लोक मांस कसं टाळायचं याचा विचार करून जातात. मांस ताटात दिसतं, टाळता येतं. खरी अडचण न दिसणाऱ्या 'दाशी'ची आहे.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. कात्सुओ नावाचा मासा वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात आणि त्याचा पातळ कीस काढतात. तो कीस आणि कोम्बू ही समुद्री वनस्पती गरम पाण्यात ठेवून, गाळून जे उरतं ते मिसो सूपमध्ये, उदोन (गव्हाच्या) आणि सोबा (कुट्टूच्या) नूडल्सच्या रश्श्यात, शिजवलेल्या भाज्यांत, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरच्या सॉसमध्ये, इनारी सुशीच्या गोडसर टोफूत असतं. आपण भाजीचं वर्णन करताना फोडणीचा वेगळा उल्लेख करत नाही, तसाच तिथे दाशीचा होत नाही. त्यामुळे 'यात मासा नाही' असं सांगणारा वेटर खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी मासा म्हणजे माशाचा तुकडा. 'निकु' म्हणजे मांस या शब्दातही मासा धरला जात नाही, म्हणून 'निकु नको' एवढं सांगून भागत नाही.

तेव्हा तिकिटं काढायच्या आधी घरी बसून ठरवा : दाशी चालणार की नाही? तिघांचं उत्तर एकच असायला हवं असं नाही. ज्याला चालेल त्याला उदोनचं जवळजवळ कुठलंही दुकान उघडं आहे. ज्याला चालणार नाही त्याच्यासाठी पुढचं सगळं.

जपानीत छापलेलं एक कार्ड करून घ्या, तीन प्रती. 'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथे फार सैल वापरला जातो. 'व्हीगन' जास्त कडक अर्थाने कळतो, म्हणून दूध-दही चालत असलं तरी सुरुवात त्याच शब्दाने करा. मजकूर असा असावा : आम्ही मांस, मासे, कोळंबी, खेकडे, अंडी खात नाही. कात्सुओची दाशी आणि माशांचा अर्कही चालत नाही. कोम्बूची आणि शिताके मशरूमची दाशी चालते. दूध-दही चालतं. शेवटची दोन वाक्यं गाळू नका, कारण काय करता येईल हे आचाऱ्याला त्यातूनच कळतं. मशीनने केलेलं भाषांतर जपानी येणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

कार्ड वाचून कुणी नम्रपणे नाही म्हणालं तर गळ घालू नका. त्या दिवसाची दाशी सकाळीच करून ठेवलेली असते आणि छोट्या दुकानात स्वयंपाकाला बहुधा एकच माणूस असतो. त्याचा नकार प्रामाणिक असतो. माझा भरवसा अशा दुकानापेक्षा कार्ड न वाचताच 'हो हो' म्हणणाऱ्यावर कमी बसेल. 'कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाइ शिमासु', म्हणजे 'कात्सुओचा कीस न घालता द्या', हे वाक्य पाठ करून ठेवा, पण ते गार टोफूसारख्या वरून कीस भुरभुरलेल्या पदार्थापुरतंच उपयोगी आहे. आत मुरलेली दाशी त्याने निघत नाही.

सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन ही दुकानं दर थोड्या अंतरावर भेटतात आणि बरीचशी २४ तास उघडी असतात. तिथल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या त्रिकोणी गोळ्यांत, साधं मीठ लावलेला 'शिओ मुसुबी' सगळ्यात निर्धोक. 'उमे' म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा आणि 'कोम्बू'चा हे दोन्ही नावाने शाकाहारी वाटतात, पण त्यांच्या सारणात कात्सुओचा अर्क सापडतो, म्हणून दर वेळी लेबल पाहा. इथे एक मोठी चूक होते. माणसं अ‍ॅलर्जीचा तक्ता पाहून निर्धास्त होतात. जपानमध्ये अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड लिहिणं सक्तीचं आहे. गोमांस, डुक्कर, कोंबडी, सामन, बांगडा आणि जिलेटिन लिहिण्याची शिफारस आहे. कात्सुओ यापैकी कुठल्याच यादीत नाही. तक्ता स्वच्छ असला तरी पदार्थात मासा असू शकतो, त्यामुळे घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायलाच हवी. पाकिटावर चकचकीत प्लास्टिक असेल तर ते थोडं तिरकं धरा, नाहीतर उजेड पडून अक्षरं चुकीची वाचली जातात.

नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, घेतलात तर त्यातली सॉसची पुडी बाजूला ठेवा, तिच्यात दाशी असते. सोया सॉस घालून खा. करी-पावात बहुधा मांस असतं आणि साध्या ब्रेडमध्येही अंडं किंवा प्राणिज चरबी असू शकते. गोडात तांदळाच्या पिठाचं आणि लाल चवळीच्या पुरणाचं दाइफुकु आणि कान्तेनवर, म्हणजे समुद्री वनस्पतीच्या चिकावर, बांधलेलं योकान हे आईबाबांना आवडतील. दोरायाकी आणि कासुतेरा या केकसारख्या गोडांत अंडं असतं, पुडिंग आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. थंडीच्या दिवसांत सुपरमार्केटमध्ये भाजलेली गरम रताळी मिळतात, त्यांना लेबल वाचायची गरजच नाही.

मुख्य आधार मात्र तयार भाताचा. सुपरमार्केटमध्ये 'पॅक गोहान' म्हणून शिजलेल्या पांढऱ्या भाताचे बंद डबे मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये साधारण २ मिनिटांत गरम होतात. हॉटेलच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह आहे का, हे बुकिंग करतानाच बघा. त्या भातावर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं किंवा रेडी-टू-ईट आमटीचं पाकीट, झालं जेवण. गरम पाणी ओतून होणारा उपमा आणि पोहे, दशम्या, खाकरे न्या. ताजी फळं, भाज्या, मिरच्या, कढीपत्ता, कच्चा तांदूळ आणि डाळी मात्र नेऊ नका. त्यातल्या काहींवर बंदीच आहे, बाकीच्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

घरची इलेक्ट्रिक किटली किंवा राइस कुकरही नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची आहे. आपली २३० व्होल्टवर १००० वॉट देणारी किटली तिथे १९० वॉटच्या आसपास देईल, म्हणजे पाणी तापता तापत नाही. खोलीत बहुधा किटली असते, ती पाण्यापुरतीच वापरा. मोबाइलचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

आता बाहेरचं जेवण. दिवसातलं एक जेवण आधी ठरवून पक्कं करा, तेही दुपारचं, आणि त्या दिवसाची ठिकाणं त्याच्या अवतीभवती बसवा. कितीतरी स्वयंपाकघरं दुपारी २ ते ५ बंद असतात. अडीच वाजता भूक लागली की सगळं बिघडतं, आणि आईबाबा दमलेले असताना कार्ड घेऊन दारोदार फिरणं नको.

सगळ्यात समाधानाचं जेवण 'शोजिन ऱ्योरी'चं, म्हणजे बौद्ध मठांचं. त्यात मांस, मासे, अंडी नसतातच, परंपरेने कांदा-लसूणही नसतो आणि दाशी कोम्बू-शिताकेची असते. क्योतोला अराशियामा भागात तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' आहे, आरक्षण करूनच जा. क्योतोचंच 'युदोफू' कोम्बूच्या पाण्यात उकळलेलं टोफू असतं, पण सोबतचा सॉस बहुधा कात्सुओचा. साधा 'शोयू', म्हणजे सोया सॉस, मागा. सोबाचंही तसंच : गार नूडल्स चालतील, बुडवायचं पाणी नाही. सोबा कुट्टूचा असतो म्हणून आई उपासाला खायला बघेल, पण बहुतेक सोब्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

टोकियो स्टेशनच्या तिकीट गेटच्या आत 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायच्या आधी सोयीचं. 'कोको इचिबान्या' या करी-भाताच्या दुकानांच्या साखळीत नेहमीच्या भाजीच्या करीचा रस्सा डुकराच्या मांसाचा असतो. काही शाखांत प्राणिज घटक नसलेली वेगळी व्हेज करी मिळते, ती नाव घेऊन मागा. भारतीय हॉटेलं सगळीकडे दिसतील. बरीचशी नेपाळी लोक चालवतात, त्यामुळे हिंदीत बोलता येतं. नानच्या पिठात अंडं आहे का, हे तिथे आवर्जून विचारा. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. तिथे किराणाही मिळतो, पहिल्याच दिवशी जाऊन या.

ऱ्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या पारंपरिक हॉटेलात, राहायचं असेल तर 'सुदोमारी', जेवणाशिवायची खोली, घ्या. तिथलं रात्रीचं जेवण बहुतेक माशांभोवती रचलेलं असतं आणि ऐन वेळी बदलता येत नाही. अपवाद कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगराचा. ओसाकाच्या नाम्बाहून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार आणि पुढे बस, असा सगळा मिळून दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. डोंगरावरच्या सुमारे ५० मंदिरांत राहता येतं आणि दोन्ही जेवणं शोजिन असतात. आईबाबांच्या गुडघ्यांसाठी जेवायला खुर्ची हवी, हे बुकिंग करतानाच कळवा. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात आणि त्यानंतर गावात फारसं काही उघडं नसतं, म्हणून खाकऱ्याचं एक पाकीट त्या रात्रीसाठी शिल्लक ठेवा.