जुनाट डोकेदुखीवरील 'छ्वानश्योंग छात्याओ सान' हे चिनी औषध नेमके काय आहे?

नावाचा अर्थ 'चहात कालवून घ्यायचे छ्वानश्योंगचे चूर्ण' असा असून, सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या योगसंग्रहात (औषधी मिश्रणांच्या संग्रहात) नोंदलेल्या या मिश्रणात आठ वनस्पती आहेत. सिछ्वान प्रांतात पिकणारा छ्वानश्योंगचा कंद त्यातला मुख्य मानला जातो. मात्र मूळ पाठात सर्वाधिक प्रमाण पुदिन्याचे, म्हणजे छ्वानश्योंगच्या दुप्पट आहे. चिनी वैद्यकानुसार बाहेरचा 'वारा' डोक्यात शिरून होणाऱ्या, सर्दीसोबत येणाऱ्या किंवा वारंवार उलटणाऱ्या डोकेदुखीवर ते जेवणानंतर हिरव्या चहाबरोबर देतात, कारण चहाचा कडू-थंड गुण इतर द्रव्यांची उष्णता आवरतो, अशी त्यांची धारणा आहे. (आयुर्वेदातील अनुपानाचीच, म्हणजे औषधासोबत घ्यायच्या पदार्थाचीच, ही कल्पना.)

परंतु यातील शीशिन ही वनस्पती ज्या कुळातली आहे त्यात मूत्रपिंडाला घातक व कर्करोगकारक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल आढळते. ते पानांत अधिक आणि मुळांत कमी असल्याने चीनच्या औषधकोशाने आता केवळ मुळेच ग्राह्य धरली आहेत. त्यामुळे ऑनलाइन मागवलेली पुडी महिनोन्महिने घेणे मला धोक्याचे वाटते. गर्भवतींनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे. अचानक उद्भवलेल्या तीव्र डोकेदुखीत तर थेट रुग्णालय गाठावे.