प्रवासाचं विचारा : अंगठा उमटत नाही, गेट उघडेल का?

प्रश्न : ताई, मी ६४ वर्षांची, कोपरीत राहते. मुलगा सिंगापूरला असतो, वर्षातून दोनदा जाणं होतं. मुंबईला इमिग्रेशनच्या रांगेत पाय भरून येतात. तो म्हणतो, ‘फास्ट ट्रॅकची नोंदणी कर, मशीनच्या गेटमधून जा.’ पण बँकेतसुद्धा माझा अंगठा उमटत नाही. शिवाय डिजियात्रा फोनमध्ये आहेच, मग हे वेगळं कशाला? आणि मध्येच गेट अडलं तर?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : आधी डिजियात्रा बाजूला ठेवा. ते अ‍ॅप चेहरा ओळखून विमानतळाच्या दारातून आणि सुरक्षा तपासणीतून आत सोडण्यापुरतं. पासपोर्ट बघणारं खातं निराळं, त्यांची ही फास्ट ट्रॅक योजनाही निराळी. २०२४ च्या जूनमध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईत आली. भारतीय पासपोर्ट असला की अर्ज करता येतो, फक्त त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. अर्ज गृह मंत्रालयाच्या वेबसाइटवर घरूनच भरायचा. मंजुरीचा निरोप आला की बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला जायचं. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षं बघायला नको, मात्र पासपोर्ट आधी संपला तर नोंदणीही संपली. वर्षातून दोन फेऱ्या म्हणजे तुम्ही कराच. पाच वर्षांतून एकदा जाणाऱ्याला मी म्हटलं नसतं.

अंगठ्याचं दुखणं माझ्या सासूबाईंचंही. चाळीस वर्षं भांडी घासलेली बोटं! त्यांना आठवडाभर रोज रात्री हाताला व्हॅसलीन चोळायला लावलं आणि ठसे द्यायच्या दिवशी सकाळी हात साबणाने धुऊन नेलं. दोन बोटं पुन्हापुन्हा द्यावी लागली, पण उमटली.

पुढे प्रवासात त्यांचं गेट अडलं ते भलत्याच कारणाने. बोर्डिंग पास टेकवला, तो घेतला. पासपोर्ट ठेवला तर मशीन ढिम्म. पुन्हा ठेवला, तेच. मागे सुटाबुटातले एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. मी कव्हर काढलं, ते काढायचंच असतं, तरी काही नाही. मग पान नीट बघितलं. फोटोखाली इंग्रजी अक्षरांच्या आणि बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, मशीन त्याच वाचतं. आणि त्यांच्यावर बोटभर कुंकू! दसऱ्याला सासूबाईंनी गाडीबरोबर पासपोर्टचीही पूजा केली होती. तीही पान उघडून, फोटोला. पदराने पुसलं, ओळी वाचल्या गेल्या, कॅमेऱ्यात बघितलं आणि काच सरकली. ‘एवढंच?’ म्हणाल्या.

पुसूनही वाचलं नसतं तर? शेजारी काउंटरवर अधिकारी बसलेले असतातच, तिकडे जायचं. परत घरी कुणी पाठवत नाही. तिकिटावरचं नाव मात्र पासपोर्टबरहुकूम आहे ना, हे मुलाला आजच बघायला सांगा. आपल्याकडे नवऱ्याचं नाव कधी मध्ये असतं, कधी नसतंच.

सिंगापूरला उतरल्यावर निराळी नोंदणी लागत नाही. तिथली गेटं २०२४ पासून परदेशी पाहुण्यांनाही खुली आहेत. पोहोचायचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. कुणी पैसे मागितले तर ती साइट खोटी समजा. पासपोर्टवर शिक्का मिळत नाही, पास ईमेलवर येतो. त्या कार्डात मुलाचाच ईमेल दिलात तर बरं.

आणि वेळ वाचणार ती फक्त इमिग्रेशनच्या रांगेतली. बॅगा द्यायची रांग आहे तशीच आहे. जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर, तर कुणी फास्ट ट्रॅक काढलेला नाही, तेव्हा कोपरीहून निघायची वेळ अजिबात पुढे ढकलू नका.