नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो

प्रश्न : मी नवी मुंबईत क्षयरुग्णांच्या अभ्यासात फील्डवर काम करते. काही रुग्णांना एचआयव्हीही आहे. संमतीपत्रात ‘माहिती संस्थेबाहेर जाणार नाही’ असं लिहून दिलंय. आता सर म्हणतात, परदेशातल्या सहयोगी संस्थेला एक्सेल शीट पाठव, नावं काढलीस की झालं. पाठवू का? नमुना जोडला आहे.

उत्तर : ताई, आत्ता पाठवू नका.

तुमचा नमुना उघडला. नावांचे आणि मोबाईल नंबरचे कॉलम तुम्ही काढले नव्हते, नुसते लपवले होते. ‘अनहाइड’ केलं आणि सगळं समोर आलं. मी फाईल कायमची डिलीट केली. तुमच्या सेंट मेलमधूनही काढा आणि ती माझ्याकडे आली होती हे एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या आणि रुग्णांचं हित जपणाऱ्या समितीला, कळवा. जड जाईल, पण कळवाच.

आता नावं खरोखर काढली असं धरू. एक ओळ तपशील बदलून सांगते : वय 43, विधवा, तुर्भे स्टोअर, पोळीभाजी केंद्र चालवते, एचआयव्ही पॉझिटिव्ह. त्या गल्लीतलं शेंबडं पोरही ती कोण हे सांगेल. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम 8 नेमकं इथे लागू होतं. लेखी संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. आकडेवारीला सूट आहे, पण तिच्यावरून माणूस ओळखू येण्याची वाजवी शक्यता नसेल तरच.

सर कदाचित 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या कलम 17 कडे बोट दाखवतील. संशोधनाला तिथे सवलत आहे खरी, पण ती सशर्त आहे आणि तिच्यामुळे एचआयव्हीचा कायदा बाजूला पडत नाही.

शिवाय तुमचं संमतीपत्र आहेच. त्या बाईने तुमच्या शब्दावर अंगठा दिला. तो शब्द बदलायचा तर आधी एथिक्स कमिटीकडे लेखी अर्ज करा. कमिटी बहुधा पुन्हा संमती घ्यायला सांगेल. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचं काय, हेही तिलाच ठरवू द्या.

मंजुरी मिळाली तर नवी फाईल बनवा. वय 40 ते 49 अशा गटात, वस्तीऐवजी ‘नवी मुंबई’, तारखेऐवजी वर्ष, व्यवसाय ढोबळ. नावाऐवजी दिलेला कोड कुणाचा हे सांगणारी यादी वेगळी, पासवर्ड लावून संस्थेतच ठेवा. पलीकडच्या संस्थेशी लेखी करार हवा : ओळख शोधणार नाही, पुढे कुणाला देणार नाही.

सरांशी तोंडी वाद घालू नका. आजच मेल करा : ‘कमिटीचं उत्तर आल्यावर फाईल पाठवते.’