अक्षर, बैठक आणि फळा : मुलांच्या व्यवसायोपचाराविषयी वाचकांचे प्रश्न

लक्ष न टिकणाऱ्या आणि लिहिण्या-वाचण्यात अडखळणाऱ्या मुलांविषयी गेल्या अंकानंतर बरीच पत्रे आली. व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी (लिहिणे, बसणे, जेवणे अशी रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणारी उपचारपद्धत), या मुलांसाठी नेमके काय करू शकते असा बहुतेकांचा प्रश्न आहे. सारखे प्रश्न एकत्र करून पाच पत्रांना आम्ही व्यवसायोपचार तज्ज्ञ येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, मराठी माध्यमात तिसरीत आहे. तोंडी उत्तरे चटाचट देतो. वहीत मात्र दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो. अक्षर रेघेवर राहत नाही, पेन्सिलीचा जोर इतका की कागद फाटतो. रोज एक पान शुद्धलेखन करून घेते, तरी फरक नाही. काय चुकते आहे? (एक आई, नाशिक)

ते रोजचे पान आधी थांबवा. दमलेल्या हाताने पानभर लिहिताना मूल चुकीच्याच वळणाचा सराव करत असते, आणि ते वळण पक्के होते. त्याऐवजी दोन-तीन दिवस तो लिहीत असताना शेजारी बसून नुसते पाहा. लिहून झालेल्या वहीत चूक दिसते, तिचे कारण मात्र हात चालताना दिसते.

पहिली गोष्ट बैठक. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, आठ वर्षांच्या मुलाला ती जास्त होते. खांदे वर चढतात, मनगट अधांतरी राहते आणि सगळा भार बोटांवर येतो. हात सैल सोडून कोपर वाकवले, की टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटरच वर असावा. खुर्चीवर घट्ट गादी किंवा पाट ठेवून मुलाला वर घ्या आणि पायांखाली उलटा डबा किंवा ठोकळा द्या. पाय लोंबकळत असतील तर कंबर स्थिर राहत नाही, आणि कंबर डुलत असली की अक्षरही डुलते. जमिनीवर बसून लिहायचे असेल तर चौरंग घ्या, मांडीवरची वही नको. जाड फाइल आडवी ठेवून तिच्या उतारावर वही ठेवली तर मनगट आपोआप योग्य कोनात येते. सुमारे २० अंशांचा उतार पुरे.

दुसरी गोष्ट जोर. पानाच्या मागून बोट फिरवा. रेघांचे उंचवटे ठळक लागत असतील तर जोर जास्त आहे. ‘हलक्या हाताने लिही’ असे शंभरदा सांगून हे सुधारत नाही, कारण आपण किती जोर देतो आहोत याची जाणीवच त्याला नीट होत नसते. ती जाणीव देणारी साधने द्या. तीन कागदांमध्ये दोन कार्बन पेपर ठेवा आणि खेळ लावा : दुसऱ्या कागदावर उमटले पाहिजे, तिसऱ्यावर उमटता कामा नये. दुसरा उपाय क्लच पेन्सिलीचा. जोर वाढला की शिसे तुटते, आणि कोणी न बोलता मुलाला समजते. साधी पेन्सिल द्यायची तर ‘२बी’ घ्या. ती मऊ असल्याने कमी जोरातही गडद उमटते. पेन्सिल तीन बोटांत धरली काय किंवा चार बोटांत, दोन्ही पकडी चालतात. हात दुखत नसेल आणि वेग ठीक असेल तर या वयात पकड बदलण्याच्या मागे लागू नका.

तिसरी गोष्ट अक्षराची घडण. आमच्या मते मराठी माध्यमात सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होते. मुलगा शिरोरेषा कधी ओढतो ते बघा. काही मुले प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ देतात. हात सतत उचलावा लागल्याने वेग मरतो आणि शब्द तुटतो. आधी सगळी अक्षरे, काना-मात्रा मागाहून आणि शेवटी शब्दभर शिरोरेषा, हा क्रम बसवा. पण याच टप्प्यावर दुसरी चूक होते. मूल डावीकडून उजवीकडे सपासप रेघ ओढते आणि ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘थ’चा ‘य’ होतो, कारण या तीन अक्षरांच्या डोक्यावर डाव्या बाजूला रेघ तुटायला हवी. पालकांना वाटते मुलाला अक्षरे ओळखता येत नाहीत, पण अक्षर त्याला येत असते, फक्त रेघ थांबवली जात नाही. ‘भात’, ‘धान’, ‘थवा’ असे शब्द घेऊन रेघ जिथे थांबायची तिथे आधी एक लाल ठिपका द्या. आठवड्याभराने ठिपका काढून टाका.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता वळणाच्या घराण्याने घ्या : ग-म-भ-न एका आठवड्यात, व-ब-क दुसऱ्या, ट-ठ-ढ-द तिसऱ्या. गोंधळाच्या जोड्या, म्हणजे घ-ध किंवा प-ष, नव्याने शिकवताना एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्के झाल्यावर दुसरे.

रोज १० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा शब्द एवढा सराव पुरेसा आहे. शेवटी त्यानेच आपले सर्वांत चांगले अक्षर शोधून त्याला गोल करावा. लाल पेनाने चुका काढण्यापेक्षा हे फार उपयोगी पडते. लिहिण्याआधी पाच मिनिटे कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे दाबणे, सागरगोटे खेळणे चांगलेच, त्याने हात तयार होतो. मात्र तेवढ्यानेच अक्षर सुधारेल ही आशा धरू नका. अक्षरसुधारणेच्या उपचारांवरील अभ्यासांचा आढावा घेतल्यावर असे दिसले, की ज्यांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता किंवा सराव २० सत्रांपेक्षा कमी होता ते उपचार निष्फळ ठरले. म्हणून दोन आठवड्यांत निराश होऊ नका. दर पंधरा दिवसांनी एका मिनिटात किती अक्षरे होतात आणि दहांपैकी किती शब्द परक्याला वाचता येतात, एवढे टिपून ठेवा.

डोळे तपासून घ्या. वाचतानाही तो अडखळत असेल तर विशेष शिक्षकाकडून अध्ययन अक्षमतेची (हुशार असूनही वाचणे, लिहिणे किंवा गणित न जमण्याची) चाचणी हवी. वाचन शिकवणे हे त्यांचे काम आहे, आमचे नव्हे.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची. वर्गात एका जागी बसत नाही. एका केंद्राने आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर, झोपाळे आणि वजनाचे जाकीट अशी सेन्सरी थेरपी सुचवली आहे. खर्च झेपणारा नाही. घ्यावी का? (एक वडील, पुणे)

वर्षभराचे पैसे आधी भरू नका.

तुम्ही म्हणता ती सेन्सरी थेरपी, म्हणजे संवेदी एकात्मीकरणाची (स्पर्श, तोल, हालचाल या संवेदनांचा मेळ बसवण्याची) पद्धत, अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन एयर्स यांनी मांडली. काही मुलांना तिचा लाभ होतो. पण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच स्पष्ट केले, की अशा उपचारांचा पुरावा मर्यादित आहे. ते एकूण उपचारांचा एक भाग असू शकतात, पालकांना ही मर्यादा सांगावी आणि फायदा होतो का हे ठरावीक मुदतीत तपासावे. वजनाच्या जाकिटाने वर्गातले लक्ष वाढते याला भक्कम आधार नाही.

केंद्रात हे विचारा : उपचार करणाऱ्या व्यक्तीकडे बीओटी किंवा एमओटी ही व्यवसायोपचारातील पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का? तीन महिन्यांचे ध्येय काय? ‘एकाग्रता वाढवणे’ हे ध्येय नव्हे, कारण ते मोजता येत नाही. ‘डबा २० मिनिटांत न उठता संपवणे’ किंवा ‘वर्गपाठाला पहिली १० मिनिटे बसणे’ हे ध्येय झाले. सत्र चालू असताना पालकांना आत बसता येते का? घरी काय करायचे ते दर आठवड्याला सांगतात का? शाळेशी बोलतात का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. आठवड्यातून एक-दोन सत्रे आणि घरी रोजचा सराव, यावर बहुतेक मुलांचे भागते. झोपाळ्यावर मिळवलेली स्थिरता वर्गातल्या बाकावर आपोआप उतरत नाही. बाकावरचा सराव बाकावरच करावा लागतो.

हे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे का, हे आम्ही ठरवत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ ठरवतात. लक्षणे किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी आणि वयाची १२ वर्षे होण्याआधीपासून असावी लागतात. झोप अपुरी असणे, नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असणे, कमी ऐकू येणे यांनीही मूल असेच वागते. ते आधी तपासले जाते. सहा वर्षांनंतर डॉक्टर औषध सुचवू शकतात. थेरपी चालू आहे म्हणून औषध नाकारू नका आणि औषध सुरू झाले म्हणून थेरपी सोडू नका. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

घरी आजपासून करता येईल ते असे. अभ्यासाआधी दहा मिनिटे जोर लागणारे काम : अर्धी बादली पाणी झाडांपर्यंत नेणे, भिंतीला दोन्ही तळहात टेकून १० वेळा ढकलणे, चार सूर्यनमस्कार, बेडूकउड्या. मग १० मिनिटे अभ्यास, ३ मिनिटे हालचाल, पुन्हा १० मिनिटे. वेळ दिसेल असे वाळूचे घड्याळ समोर ठेवा. ‘थोडा वेळ बस’ या शब्दांना या वयात काही माप नसते. गिरक्या आणि फुगडी जपून द्या. काही मुले त्याने शांत होण्याऐवजी आणखी उसळतात, आणि फिरल्याचा परिणाम थांबल्यावरही बराच वेळ राहतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळले तर लगेच थांबवा. फिट्स येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिरक्या नकोत.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात ४५ मुले आहेत. एक मुलगा फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळतो, अर्धेच लिहितो. हुशार आहे. वर्ग सांभाळून त्याच्यासाठी काय करता येईल? (एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)

फळ्यावरून उतरवणे हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. वर बघून ओळ शोधायची, दोन-चार शब्द लक्षात ठेवायचे, खाली बघून वहीतली जागा शोधायची, लिहायचे आणि पुन्हा वर जाऊन नेमकी तीच जागा पकडायची. ज्या मुलाच्या लक्षात एका वेळी दोनच शब्द राहतात, तो एका परिच्छेदासाठी वीस-पंचवीस वेळा मान वर करतो. प्रत्येक फेरीत हरवण्याची एक संधी.

त्याला पहिल्या-दुसऱ्या रांगेत, फळ्याच्या मधोमध आणि दार-खिडकीपासून लांब बसवा. कोपऱ्यातून तिरके बघणे टाळा. फळ्यावर एकाआड एक ओळ पांढऱ्या आणि पिवळ्या खडूने लिहा. याला वेगळा वेळ लागत नाही आणि सगळ्याच मुलांना मदत होते. ओळींना क्रमांक द्या, म्हणजे ‘मी तिसऱ्या ओळीवर’ हे त्याला धरून ठेवता येते. शक्य असेल तेव्हा शेजारच्या मुलाची वही बाकावर ठेवून त्यातून उतरवू द्या, कारण जवळून उतरवणे सोपे जाते. पाच प्रश्नांऐवजी तीन उतरवले तर ते पूर्ण धरा. धडा समजला का हे तपासायचे असेल तर तोंडी विचारा.

सूचना एका वेळी एकच. ‘वही काढा.’ वही निघाली की ‘तारीख घाला.’ आणि त्याला हालचालीचे अधिकृत काम द्या : फळा पुसणे, वह्या गोळा करणे, पुस्तकांचा गठ्ठा शेजारच्या वर्गात पोचवणे. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. अशा मुलाला त्याच वेळेची सर्वांत जास्त गरज असते आणि ती वेळ गेली की पुढचे दोन तास तुम्हालाच जड जातात.

प्रश्न : मुलगी डावरी आहे. हात वाकडा करून लिहिते. उजव्या हाताची सवय लावावी का? (एक आजोबा, बेळगाव)

अजिबात नको. वही तिच्या मधोमध न ठेवता थोडी डावीकडे ठेवा आणि वरचा डावा कोपरा वर जाईल अशी तिरकी करा. पेन्सिल टोकापासून तीन-साडेतीन सेंटिमीटर वर धरू द्या, म्हणजे लिहिलेले दिसेल आणि मनगट वाकणार नाही. शाळेत तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजारच्या मुलीच्या कोपराशी टक्कर होत राहते. कात्री डावऱ्यांसाठीची घ्या; साध्या कात्रीचे वरचे पाते तिच्या नजरेआड कापण्याची रेघ लपवते.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, लिखाण फार संथ. दहावीला लेखनिक मिळेल असे कळले. आताच थेरपी सुरू करून उपयोग आहे का? (एक पालक, ठाणे)

उपयोग आहे, पण अक्षर वळणदार करण्यात हे वर्ष घालवू नका. या वयात परीक्षेची तयारी हेच ध्येय ठेवा.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे चाचणी कोणत्या निदानाची झाली आणि प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे ते नीट वाचा. प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेने ठरवलेल्या रुग्णालयाचेच चालते, खासगी अहवाल पुरत नाही. रांग मोठी असते, तेव्हा दहावीची वाट न पाहता नववीतच अर्ज करा. शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव वेळेत गेला का, याचा पाठपुरावा तुम्हीच ठेवा.

सवलत मिळाली तरी ती वापरता आली पाहिजे. जादा वेळ तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तब्बल चार तास बसायचे; लक्ष न टिकणाऱ्या मुलाला ते मुळीच सोपे नाही. घरी दर रविवारी एक पूर्ण पेपर तेवढ्याच वेळात सोडवून घ्या आणि मध्ये पाणी पिणे, हात ताणणे कधी करायचे ते ठरवून टाका. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही वेगळे कौशल्य आहे. बोलताना मूल मुद्दे विसरते, विरामचिन्हे सांगत नाही, गणिताची पायरी मनातच करून टाकते. आधी कच्च्या कागदावर तीन-चार शब्दांत मुद्दे टिपायचे, मग एक वाक्य सांगून लेखनिक थांबेपर्यंत थांबायचे. मोठ्या भावंडाला लेखनिक करून किमान तीन महिने हा सराव हवा.

सोबत रोज १५ मिनिटे मराठी टंकलेखन शिकवा. पुढे महाविद्यालयात तेच कामी येईल. त्यासाठी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत न घेता भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक घ्या. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी हाताने लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण टंकताना बोलण्याच्या क्रमाने, अक्षरानंतर द्यावी लागते. ‘कि’ लिहिताना वेलांटी चुकीच्या अक्षरावर चढवणारी बरीच मुले टंकताना ती बिनचूक देतात.