समुद्रावरची पुस्तकं वाचायची आहेत, पण जहाजातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा: जहाजं, होड्या आणि दर्यावरचं आयुष्य यांवर वाचायचंय, ‘मोबी डिक’ ही देवमाशाच्या शिकारीची कादंबरी दोनदा हातात घेऊन अर्ध्यात सोडलं, शिडांची आणि दोरखंडांची नावं डोक्यावरून जातात, तर आधी काय वाचावं? शिवाय हाताने काही करून बघता येईल असं एखादं पुस्तकही तुम्हाला हवंय.

स्लोकमपासून सुरुवात करा. जोशुआ स्लोकमचं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’, १९०० सालचं. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. त्याच्यापासूनच का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी पुस्तकं मी त्याच कारणाने सुचवतोय.

मी काही वर्षं मालवाहू बोटींवर डेक ऑफिसर होतो. बोटीवरचे बहुतेक दिवस वादळाचे नसतात. गंज खरवडायचा, रंग मारायचा, दोर तपासायचे, रात्री बारा ते चार ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीत, उभं राहून रडारवरचा ठिपका आपल्या वाटेत येतोय का ते पाहायचं, नकाशावर आपली जागा मांडायची. समुद्र या कामांतून कळतो. म्हणून माझ्या मते ज्यात माणसं काम करताना दिसतात ते समुद्रावरचं चांगलं पुस्तक. काम दिसलं की कुठला दोर कशाला हे नाव पाठ न करताही समजतं. वादळ, बंड, जहाज फुटणं यांच्याच मागे लागलेली पुस्तकं नवख्या वाचकाला दमवतात. काय मोडलं ते कळायला, ते धड असताना कसं चालत होतं हे आधी माहीत असावं लागतं.

स्लोकमकडे हे सगळं आहे, आणि होडीवर माणूस एकटाच असल्यामुळे प्रत्येक काम त्यालाच करावं लागतं. एका शेतात मोडकळीला येऊन पडलेली ‘स्प्रे’ नावाची जुनी होडी त्याला मिळाली. ती त्याने फळीन् फळी बदलत तेरा महिन्यांत नव्याने बांधली. लांबी ३६ फूट ९ इंच. एप्रिल १८९५ मध्ये तो बॉस्टनहून निघाला आणि ४६,००० मैलांहून जास्त अंतर कापून जून १८९८ मध्ये न्यूपोर्टला पोचला. सोबत घड्याळ कुठलं होतं? क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढायचं अचूक घड्याळ, दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडणार होते, म्हणून तो त्याने मागेच ठेवला आणि वाटेत पत्र्याचं एक घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर होती, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलं. त्या घड्याळावर तो जगभर फिरला. पॅसिफिकमध्ये चंद्राच्या वेधावरून रेखांश काढताना आकडे जुळेनात, तेव्हा त्याने शोधून काढलं की छापील कोष्टकातच चूक आहे. शिडांचा तोल असा साधला होता की सुकाणू बांधून ठेवलं तरी होडी आपली दिशा धरून राही. ऑस्ट्रेलियाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कीलिंग-कोकोसपर्यंत २,७०० मैल, २३ दिवस, आणि त्यात सुकाणू हातात धरलं ते जेमतेम तीन तास. हे त्याने इतक्या साध्या इंग्रजीत लिहिलंय की शाळेतलं इंग्रजी पुरे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी राहणाऱ्या मूळ रहिवाशांबद्दलची त्याची भाषा मात्र त्या काळच्या गोऱ्या कप्तानाची आहे, आणि वाचताना ती टोचते.

दुसरं पुस्तक रिचर्ड हेन्री डॅनाचं ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’, १८४०. मला स्वतःला हे सगळ्यांत जवळचं. हार्वर्डचा विद्यार्थी, गोवराने डोळे अधू झालेले, म्हणून अभ्यास सोडून १८३४ मध्ये ‘पिलग्रिम’ नावाच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढतो. त्याआधी समुद्रावर लिहिणारे बरेचसे मागच्या बाजूला, अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये राहिलेले. डॅना जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या कोंदट खोलीत, खलाशांबरोबर झोपला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गुरांची कातडी गोळा करायची, डोक्यावर घेऊन लाटांतून होडीपर्यंत न्यायची आणि जहाजाच्या पोटात ठासून भरायची, हे त्यांचं काम. ते वाचताना मान दुखायला लागते.

त्यात एक प्रसंग आहे. एक तरुण खलाशी डोलकाठीवर कामाला चढलेला असताना समुद्रात पडतो. गळ्यात कामाचं जड सामान अडकवलेलं, त्यामुळे वर येतच नाही. होडी सोडतात, शोधतात, हात हलवत परततात. मग थोड्याच वेळात त्याच्या कपड्यांचा डेकवर लिलाव होतो, कारण तशी रीतच होती. पण खलाशी ते कपडे त्याच सफरीत अंगात घालायला धजत नाहीत, अगदीच नड असेल तरच घालतात. डॅना इथे रडत नाही, तुम्हाला रडवायलाही बघत नाही. बर्थ रिकामा झाला, पाळीत एक हात कमी झाला, एवढंच. मृत्यूवरची कितीतरी पानं वाचलीत, हे पान जास्त लागतं. पुढे कप्तान दोघांना चाबकाने फोडतो तो प्रसंगही आहे, आणि तो पाहिलेला डॅना परतल्यावर वकील होऊन खलाशांचे खटले लढवतो.

आता ‘मोबी डिक’. ते सोडल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक जण बत्तिसाव्या प्रकरणापाशी अडकतात. तिथे लेखक मेलविल देवमाशांच्या जातींचं लांबलचक वर्गीकरण करत बसतो. ते खुशाल ओलांडा. पहिली बावीस प्रकरणं सरळ वाचा, तेवढ्यात जहाज बंदर सोडतं. मग साठावं प्रकरण उघडा: त्यात फक्त एक दोर आहे. भाल्याला बांधलेला हा दोर टबात वेटोळं करून ठेवलेला असतो आणि होडीभर, वल्ही मारणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगाजवळून गेलेला असतो. देवमासा भाला लागून सुसाट सुटला की तो दोर भन्नाट वेगाने बाहेर पडतो, आणि कुणाचा हात किंवा मान त्यात अडकली तर संपलं. ते कळल्यावर लगेच एकसष्टावं प्रकरण वाचा, त्यात शिकार होते. मग ९४ आणि ९६, ज्यांत चरबीचं काम आणि रात्री भट्ट्या पेटवून तेल काढणं आहे. शेवटी १३३ ते १३५. एवढं वाचून गोडी लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मेलविल स्वतः १८४१ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला होता, आणि या प्रकरणांत ते दिसतं.

त्याच्या कथेमागे ‘एसेक्स’ जहाजाची खरी हकिगत आहे. २० नोव्हेंबर १८२० ला एका देवमाशाने धडका देऊन ते पॅसिफिकमध्ये फोडलं. वीस माणसं तीन होड्यांत उतरली. पश्चिमेकडच्या बेटांवर नरभक्षक असतील या भीतीने त्यांनी दूरच्या दक्षिण अमेरिकेची वाट धरली, आणि त्या वाटेवर जगण्यासाठी त्यांना आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खावं लागलं. वाचले आठ. त्यांतल्या ओवेन चेसने १८२१ मध्ये हकिगत लिहिली. आजच्या वाचकाने नॅथॅनिएल फिलब्रिकचं ‘इन द हार्ट ऑफ द सी’ (२०००) घ्यावं, त्यात ‘एसेक्स’ जिथून निघालं त्या नॅन्टकेट बंदरगावाची आणि देवमाशांच्या धंद्याची सगळी पार्श्वभूमी मिळते.

वादळ हवंच असेल तर जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ ही छोटी कादंबरी. हा माणूस वीसेक वर्षं समुद्रावर होता आणि १८८६ मध्ये त्याने कप्तानाची परीक्षा पास केली होती. गोष्टीतला कप्तान मॅकव्हर अगदी सरळ डोक्याचा, कल्पनाशक्ती नसलेला माणूस. वादळ चुकवायला वळसा घाला म्हणून नौकानयनाच्या पुस्तकात सांगितलेलं त्याला पटतच नाही: जे वादळ मी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी जादा जाळलेल्या कोळशाचा हिशेब मालकाला काय देऊ? या एका प्रश्नात जहाजधंद्याचं सगळं गणित आहे, आणि आजही कप्तानाच्या डोक्यावर इंधनाचं ओझं असतंच. शिवाय कॉनरॅडने एक धाडसी गोष्ट केलीय. वादळाचा दुसरा, जास्त भयानक तडाखा येणार असं वाटतं आणि तो थेट बंदरात पोचलेलं, खरडून निघालेलं जहाज दाखवतो. मधलं काहीच सांगत नाही. मला तर ती गाळलेली पानंच सगळ्यांत जास्त वाचल्यासारखी वाटतात.

शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेत बर्फात चिरडलेल्या ‘एंड्युरन्स’ जहाजावरचं आल्फ्रेड लॅन्सिंगचं पुस्तक (१९५९) तुम्हाला कुणीतरी आधीच सुचवलं असेल. जरूर वाचा, त्याने हयात खलाशांना भेटून आणि रोजनिश्या वाचून ते लिहिलंय. वाचताना शॅकल्टनइतकंच जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्ली याच्याकडे लक्ष ठेवा. १९१६ च्या एप्रिल-मे मध्ये मदत आणायला सहा माणसं साडेबावीस फुटांच्या होडीतून एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जियाकडे निघाली, सुमारे ८०० सागरी मैल. आकाश सतत झाकलेलं. वर्स्लीला सूर्य नीट दिसून सेक्स्टंटने (सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायच्या उपकरणाने) वेध घेता आला तो मोजून चार वेळा, तोही दोघांनी धरून ठेवल्यावर, कारण होडी उसळत होती आणि हात मोकळे ठेवावे लागत होते. गणिताची पानं भिजून लगदा झालेली. बेट चुकलं असतं तर पुढे हजारो मैल उघडा महासागर. ते चुकलं नाही, आणि शेवटी त्या जहाजावरची अठ्ठावीसही माणसं जिवंत परतली. ज्याने कधी हलत्या डेकवर सेक्स्टंट धरलाय त्याला हे वाचून हात जोडावेसे वाटतात.

एक जोडणी मी आवर्जून सांगेन: एकाच शर्यतीवरची तीन पुस्तकं. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत झाली. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, ३१२ दिवसांत. त्याची ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. त्याचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ म्हणजे सतत गळणाऱ्या, मोडणाऱ्या होडीची दुरुस्ती करत राहणाऱ्या माणसाचं पुस्तक. बर्नार मॉइतेसिए जिंकू शकला असता, पण परत फिरायचंच नाही म्हणून शर्यत सोडून ताहितीपर्यंत गेला. त्याचं पुस्तक ‘द लाँग वे’. आणि डॉनल्ड क्राउहर्स्ट अटलांटिकमध्येच घोटाळत राहून खोटी ठिकाणं कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी रिकामी सापडली, लॉगबुकं आत तशीच. त्या लॉगबुकांवरून टोमालिन आणि हॉल यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. माणूस एकटा पडल्यावर नोंदी कशा बदलत जातात ते त्यात ओळीओळीने दिसतं. तिन्ही याच क्रमाने वाचा. क्राउहर्स्टचं आधी वाचलंत तर बाकीची दोन वाचावीशी वाटणार नाहीत.

आजच्या बोटींवर मात्र फार थोडं चांगलं लिहिलं गेलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोझ जॉर्जचं ‘नाइन्टी परसेंट ऑफ एव्हरीथिंग’ (२०१३) त्यातल्या त्यात जवळ जातं. ती एका कंटेनर जहाजावरून फेलिक्सस्टोहून सिंगापूरला गेली. अवाढव्य बोट आणि तिच्यावर माणसं जेमतेम वीस-एकवीस, बंदरात काही तासांचा मुक्काम, घरापासून महिनोन्महिने तुटलेपण. जहाजावरचं कंटाळवाणेपण तिने प्रामाणिकपणे टिपलंय. सोबत मार्क लेव्हिन्सनचं कंटेनरच्या इतिहासावरचं ‘द बॉक्स’ वाचलंत तर एप्रिल १९५६ मध्ये ‘आयडियल-एक्स’ जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं तिथपासून खलाशाचा बंदरातला वेळ कसा आटत गेला ते कळेल.

मराठीत काही हवं असेल तर हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून आणलीय. चौऱ्याऐंशी दिवस मासा न लागलेला माणूस, पाठीवरून घेतलेली गळाची दोरी आणि ऐन वेळी आखडून बसलेला डावा हात. पॅट्रिक ओब्रायनच्या शिडांच्या युद्धनौकांवरच्या कादंबऱ्या आता नको, त्या वीस आहेत आणि शिडांचा सराव झाल्यावर जास्त रंगतात.

हाताने करून बघायला ‘द ॲशली बुक ऑफ नॉट्स’, १९४४. गाठींचा ग्रंथ, नोंदी ३,८०० च्या वर आणि हजारो चित्रं. सगळं वाचायचं नाही. दीड-दोन मीटर सुती दोर घ्या आणि १०१० क्रमांक काढा, ती बोलाइन. कितीही ताण आला तरी तिचा फास आवळत नाही, आणि ताण गेला की सहज सुटते. डॅनाच्या आधी ती बांधायला शिका. स्लोकम, डॅना, मेलविल आणि ‘टायफून’ यांचे हक्क संपलेत, चारही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतील, त्यामुळे ॲशली सोडता सुरुवातीला काही विकत घ्यायची गरज नाही.