पिशवी काढतात, मग नळ्या का बांधत नाहीत?

प्रश्न : माझ्या भावजयीची दोन सिझेरियन झाली असून तिला आता सातवा महिना आहे. तिसरेही सिझेरियनच होईल आणि यानंतरचे गर्भारपण जिवावर बेतू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच वेळी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावी अशी आम्ही विनंती केली, तेव्हा ‘हे रुग्णालय कॅथलिक संस्थेचे आहे, येथे ती होत नाही’ असे उत्तर मिळाले. शेजारच्या काकूंची पिशवी मात्र तेथेच काढली होती. हा भेद का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर त्या डॉक्टरांच्या मर्जीचे नाही. पोप पॉल सहावे यांच्या १९६८ च्या परिपत्रकाने मूल होऊ नये या हेतूने केलेली नसबंदी, स्त्रीची असो वा पुरुषाची, निषिद्ध ठरवली. मात्र एखाद्या आजारावर आवश्यक असलेल्या उपचारामुळे वंध्यत्व येत असेल, तर तो उपचार करण्यास मुभा ठेवली. काकूंची पिशवीच आजारी असेल, तर ती काढणे या नियमात बसते. तुमच्या भावजयीच्या गर्भनलिका निरोगी आहेत आणि धोका पुढच्या गर्भारपणात आहे. म्हणून, कारण वैद्यकीय असूनही, तिची शस्त्रक्रिया नियमात बसत नाही.

नेमका हाच प्रश्न व्हॅटिकनपुढे गेला होता. वारंवार सिझेरियन झालेल्या गर्भाशयाची भिंत जुन्या व्रणापाशी कधी कधी इतकी पातळ होते, की चिरण्यापूर्वीच पडद्याआडून बाळाचे केस दिसतात. अशा गर्भाशयाला पुन्हा गर्भ राहिल्यास ते फाटण्याची, किंवा वार (प्लासेंटा) व्रणात रुतून प्रचंड रक्तस्राव होण्याची भीती असते. तरीही केवळ त्या भावी धोक्यासाठी पिशवी काढणे किंवा नळ्या बांधणे योग्य नाही, असे उत्तर १९९३ मध्ये देण्यात आले. गर्भ जगण्याइतका वाढेपर्यंत त्याला धारण करण्यास गर्भाशय कायमचे असमर्थ असल्याची तज्ज्ञांची खात्री असेल, तर ते काढता येईल, एवढी सवलत २०१८ मध्ये मिळाली. (आपल्याकडे सरसकट ‘मिशनचा दवाखाना’ म्हणतात, पण हा निर्बंध कॅथलिक चर्चचा आहे, प्रत्येक ख्रिस्ती रुग्णालयाला तो लागू असतो असे नाही.)

संस्थेच्या श्रद्धेचा मी आदर करतो. परंतु त्या श्रद्धेपायी एका बाईला दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागणार असेल, तर नावनोंदणीच्याच दिवशी तिला तसे सांगणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, असे मला ठामपणे वाटते. तुम्हाला सातव्या महिन्यात कळले, म्हणजे अजून वेळ आहे.

सिझेरियनच्या वेळीच नळ्या बांधायच्या असतील, तर सिव्हिलमध्ये किंवा ही सोय असलेल्या अन्य रुग्णालयात आत्ताच नाव नोंदवा. संमतिपत्र भावजयीने स्वतः, समजेल त्या भाषेत ऐकून, कळा सुरू होण्यापूर्वी द्यावे. सरकारी नियमांनुसार त्यावर पतीची संमती आवश्यक नाही. भाऊ तयार असेल, तर पुरुष नसबंदी अधिक सोपी असते आणि तिच्यासाठी पोट उघडावे लागत नाही. नळ्या बांधता येत नाहीत म्हणून निरोगी पिशवी काढण्याचा आडमार्ग कोणी सुचवला, तर कृपया तो स्वीकारू नका. नव्या डॉक्टरांकडे जाताना मागील दोन्ही सिझेरियनची डिस्चार्ज कार्डे न्या, आणि वार जुन्या व्रणावर आहे का, हे सोनोग्राफीत मुद्दाम पाहण्यास सांगा; तशी ती असल्यास रक्ताची सोय आधीच करून ठेवावी लागेल.